माय दहा दिवस आर्याजी झाली तेव्हा

हदगावच्या आमच्या घरात दिवस उजाडायचा तो झाडूच्या आवाजानं. माय अंगण झाडायची, सडा टाकायची, चूल पेटवायची आणि मग भाकरीच्या थापा सुरू व्हायच्या. त्या थापांवरून मला अंथरुणातच कळायचं की आज तिचं मन कसं आहे. शांत असली की थापा सावकाश, एकसारख्या पडायच्या. काही बिनसलं असलं की परात खडखडायची. घर पत्र्याचं, दोन खोल्यांचं. बाबा पंचायत समितीत शिपाई होते. त्यांचा खाकी शर्ट बाहेरच्या खोलीत खुंटीला असायचा आणि त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. माय लोकांच्या रानात निंदायला, कापूस वेचायला जायची आणि संध्याकाळी परत आली की पुन्हा तीच परात, तीच चूल. जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, सणासुदीला येसराची आमटी. मी एकुलती एक. भिंतीला भिंत लावून बाबांची मोठी बहीण जनाआत्या राहायची. ती तरुणपणीच विधवा झालेली, जिभेची तिखट, आणि आमच्या घरात काय शिजतं इथपासून कुणाचं काय चुकतं इथपर्यंत सगळ्यावर तिचा शब्द चालायचा.

महिन्यातून एक दिवस मात्र मायवर कुणाचाच शब्द चालत नसे. पौर्णिमेला ती पांढरं लुगडं नेसून वस्तीतल्या विहारात जायची. दुपारनंतर जेवायची नाही, कामापुरतंच बोलायची. लहानपणी मला वाटायचं, ही दर पौर्णिमेला रुसते. दुसऱ्या दिवशी पहाटे थापा पुन्हा शांत पडायला लागल्या की मला वाटायचं, बरं झालं, रुसवा गेला. आज हसू येतं. जी बाई महिनाभर सगळ्यांच्या हाकेला ओ देत होती, ती एक दिवस स्वतःच्या हाकेला ओ द्यायला जात होती, हे कळायला मला बराच काळ लागला.

दहावीला मी शाळेत पहिली आले आणि बाबांनी ठरवलं, पोरगी लातूरला शिकणार, डॉक्टर होणार. लातूरची ती दोन वर्षं मला आठवतात ती घंटेच्या आवाजात. सकाळी सहाला क्लास, मग कॉलेज, मग पुन्हा क्लास, मग खोलीत अभ्यास. खोलीत आम्ही तिघी. चाकूरच्या पोरीच्या घरून धपाटे यायचे, ते आम्ही पुस्तकात डोकं घालूनच खायचो. कशाची चव आली ते कुणाला सांगता आलं नसतं. दर आठवड्याच्या परीक्षेचे मार्क फळ्यावर लागायचे आणि त्या फळ्यासमोर मैत्रिणी मैत्रिणी राहायच्या नाहीत. बायॉलॉजी शिकवायला सोनकांबळे मॅडम होत्या. कडक इस्त्रीची सुती साडी, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ, पाठीवर लांबसडक जाड वेणी. स्वतःची गाडी चालवत यायच्या. आमच्याच समाजातल्या, मजुराच्या घरातून वर आलेल्या. दुमजली घर होतं, मुलगी मेडिकलला होती. बाबा एकदा लातूरला आले तेव्हा त्यांना लांबून बघून म्हणाले, "सुमन, असं व्हायचं बग." मी मान हलवली. मला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. बेडूक उघडायच्या तासाला मॅडमनी माझा हात धरून सगळ्यांना दाखवला होता, "हा हात बघा. जरासुद्धा थरथरत नाही." त्या एका वाक्यावर मी वर्षभर जगले.

निकाल लागला आणि मेडिकल थोड्या मार्कांनी हुकलं. फार थोड्या. पण हुकलं ते हुकलं. बाबांनी आख्ख्या ऑफिसात सांगून ठेवलं होतं. निकाल बघून ते घरी आले, सायकल भिंतीला लावली, पाणी प्यायले आणि एक शब्द न बोलता पुन्हा कामावर गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. मी आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडले ती पडलेच. जेवण नको, अंघोळ नको, कुणाचं तोंड बघायला नको. मला वाटायचं, मी म्हणजे ते मार्क होते. ते गेले, आता इथं पडलंय ते कोण? चार-पाच दिवसांनी जनाआत्या स्थळ घेऊन आली. शिरूर अनंतपाळचा मुलगा, एसटीत कंडक्टर. "शिकून काय दिवे लावले? आता उजवून टाका," ती दारातूनच म्हणाली. मला कशाचंच काही वाटत नव्हतं. बैलासारखी मान पुढं करायला मी तयार होते.

त्या संध्याकाळी माय माझ्याजवळ येऊन बसली. समजूत घातली नाही की पाठीवरून हात फिरवला नाही.

"नांदेडला बायांचं शिबिर हाय, धा दिवसाचं," ती म्हणाली. "मी चालले. तिथं सैपाकाला मानसं लागतेत. तू चल."

"मला कुठंच जायचं नाही."

"इथं भिताडाकडं बगायचं, तिथं चुलीकडं बग. काय फरक पडतो?"

तिच्या बोलण्यात दया नव्हती म्हणूनच बहुधा मी उठले. बाबांना तिनं एवढंच सांगितलं की विहाराच्या कामाला जाते. ती काय ठरवून निघाली होती, हे मलाही ठाऊक नव्हतं.

नांदेडच्या कडेला, नदीच्या बाजूला ते विहार होतं. एक मोठी खोली, मागं पत्र्याची शेड, अंगणात पिंपळ आणि एक नळ. मायला धरून वेगवेगळ्या गावांहून दहा बाया आल्या होत्या, अकरावी अजून यायची होती. कुणी शेतमजूर, कुणी अंगणवाडीतली, एक नर्सबाई. ओट्यावर वयस्कर भन्ते बसले होते. त्यांनी समजावून सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं: या अकरा जणी दहा दिवस श्रामणेरी, म्हणजे शिकाऊ भिक्षुणी, होणार होत्या. डोक्याचे केस काढायचे, भिक्षूंचं चीवर नेसायचं, दहा शीलं पाळायची. दुपारनंतर अन्न नाही, गादी नाही, दागिना नाही. भिक्षा मागून जेवायचं. पुरुषांनी असं केलेलं आम्ही पाहिलं होतं. आमच्या भागात बाईच्या अंगावर चीवर कुणी पाहिलं नव्हतं. मी मायकडं बघितलं. ती मंगळसूत्र काढून रुमालात बांधत होती.

"माय, तू केस काढणार? बाबांना काय सांगायचं?"

"तुह्या बाबाला मी सांगन."

तेवढ्यात फाटकातून एक बाई आत आली आणि मी पिंपळाच्या बुंध्यामागं सरकले. मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ. पाठीवर ती वेणी. सोनकांबळे मॅडम. त्यांनी घड्याळ काढलं, पिशवीत टाकलं आणि बायांच्या रांगेत मायच्या मागं जाऊन बसल्या. आता विचारतील, किती पडले? मी काय सांगू?

केस काढायला बोलावलेला न्हावी बायांना बघून मागं सरकला. "सवाशिणीच्या केसाला मी हात लावनार न्हाई. मला पाप नको," असं म्हणून तो पेटी काखेत मारून निघून गेला. त्याचा एक जुना वस्तरा तेवढा भन्त्यांनी मागून घेतला. बाया एकमेकींकडं बघत राहिल्या. घरून भांडून आलेल्या, कुणी न सांगता आलेल्या, आणि आता एका न्हाव्यावर अडलं होतं. कुणीतरी म्हणालं, उद्या दुसरा बघू. माय उठली. सरळ माझ्याकडं आली आणि वस्तरा माझ्या हातात दिला.

"तुहा हात थरथरत न्हाई ना? तूच सांगत व्हतीस. काढ."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण ती तोवर नळाजवळच्या दगडावर बसलीसुद्धा होती, माझ्याकडं पाठ करून. आधी मी कात्रीनं केस बारीक कापले. मग पाणी लावलं. मग वस्तरा टेकवला. पहिल्यांदा आयुष्यात मी माझ्या आईचं डोकं हातात धरलं होतं. इतकी वर्षं तिनं माझं डोकं धुतलं, विंचरलं, उवा काढल्या. मी तिच्या डोक्याला कधी हात लावला नव्हता. केस गेले तसं तसं एकेक दिसायला लागलं. कानामागं जुनी खोक होती, टाके न घातलेली, वेडीवाकडी भरून आलेली. मी विचारलं तर म्हणाली, "लहानपनी. दगड लागला व्हता पानवठ्यावर." कुणी मारला, कशासाठी, ते तिनं सांगितलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही. टाळूच्या मधोमध मात्र माझा हात थांबला. तिथं तळहाताएवढी जागा कठीण होती. कातडी जाड, गुळगुळीत, तळपायासारखी. तिथं केस आधीच विरळ झाले होते, पदराखाली कधी कळलं नव्हतं. पाण्याच्या घागरी, कापसाची गाठोडी, सरपण, माझ्या लातूरच्या पहिल्या वर्षी ती बांधकामावर जायची तेव्हाच्या विटा. सगळं त्या तळहाताएवढ्या जागेवरून गेलं होतं.

मला शरीराची सगळी हाडं पाठ होती. त्यांची नावं मी झोपेतही सांगितली असती. आणि हे एक डोकं मला माहीत नव्हतं. मी त्या कठीण जागेवर बोटं ठेवून उभी राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात खरंच थरथरत नव्हता. माय म्हणाली, "थांबू नगस. पुडं बसल्यात." शेवटचा केस गेला आणि तिनं मागं वळून बघितलं. मी तो चेहरा आज कितीही शब्द लावले तरी सांगू शकणार नाही. कपाळावर कुंकू नाही, कानात काही नाही, पदर नाही. कुणाची बायको नाही, कुणाची आई नाही, कुणाची मजूर नाही. नुसता चेहरा. इतका मोठा, इतका उघडा, की मी दोन पावलं मागं सरले. मला भीती वाटली, देवळात घंटा अचानक वाजल्यावर वाटते तशी.

मागोमाग मॅडम दगडावर येऊन बसल्या. मला ओळखलं होतं त्यांनी. मार्क विचारले नाहीत. वेणी स्वतःच पुढं घेतली आणि म्हणाल्या, "मुळापासून काप, सुमन." संध्याकाळपर्यंत मी चौघींचे केस काढले. मग नर्सबाई माझ्या मदतीला आली, मग ज्यांचे झाले होते त्या राहिलेल्यांचे काढायला लागल्या. नळाजवळ काळ्या-पांढऱ्या केसांचा ढीग झाला. त्यात कुणाचे कुठले ते कळत नव्हतं. कोण हसत होती, कोण रडत होती. आधी अंगणात अकरा वेगवेगळ्या बाया होत्या, चीवर नेसून ओट्यासमोर बसल्या तेव्हा मला माझी आई शोधावी लागली.

भन्त्यांनी शीलं दिली, नवी नावं दिली. माय उत्तरा झाली. त्यांनी सांगितलं, इथं वय, शिक्षण, पैसा यावरून थोरपण नाही. ज्या क्रमानं शीलं घेतली त्या क्रमानं थोरपण. माय रांगेत पहिली होती, मॅडम दुसऱ्या. मग मी जे पाहिलं ते मला खरं वाटेना. बायॉलॉजीच्या सोनकांबळे मॅडम, ज्यांच्यासमोर आख्खा वर्ग श्वास धरून बसायचा, त्या माझ्या अंगठेबहाद्दर मायसमोर गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी कपाळ जमिनीला टेकवलं. माय बावचळेल, 'नगा नगा बाई' म्हणेल असं मला वाटलं. ती हलली नाही. हात जोडलेले, नजर खाली, सगळं अगदी सहज घेतलं तिनं. जणू ते तिला कधीपासून येत होतं.

दहा दिवस मी तिला माय म्हणायचं नाही, आर्याजी म्हणायचं, असा नियम. ती मला उपासिका म्हणायची. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा आम्हा दोघींनाही हसू फुटलं, मग सवय झाली. पहाटे चारला त्या ध्यानाला बसत. अकरा जणी, आणि श्वासाशिवाय आवाज नाही. मी शेडमध्ये पीठ मळता मळता थांबायची. इतक्या बाया एका जागी असून इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. बाया एकत्र आल्या की काम असतं नाहीतर भांडण. इथं त्या कशासाठीच बसलेल्या नव्हत्या. नुसत्या होत्या. लातूरच्या घंटा माझ्या कानात अजून वाजत होत्या, त्या हळूहळू कधी थांबल्या ते कळलं नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी भाजताना मला भूक लागली. मी तव्यावरची गरम भाकरी ठेच्याबरोबर उभ्याउभ्या खाल्ली. निकालानंतर पहिल्यांदा मला चव कळली.

सहाव्या दिवशी सकाळी बाबा आले. त्यांना कुणीतरी हदगावला बातमी दिली होती. श्रामणेरी भिक्षेला निघाल्या होत्या, हातात पात्र, एकीमागं एक, अनवाणी. मी मागून बादली घेऊन चालत होते. वस्तीच्या कोपऱ्यावर बाबा उभे होते, खाकी शर्टात, हातात कापडी पिशवी. ते तिला हाताला धरून ओढत नेणार, असंच मला वाटलं.

रांग चालत राहिली. माय त्यांच्यासमोर आली आणि जशी प्रत्येक दारासमोर थांबत होती तशी थांबली. नजर जमिनीकडं. बाबा बघत होते. तिचं डोकं, ती खोक, टाळूवरची ती जागा. वीस वर्षांच्या संसारात त्यांनी तरी ती कधी पाहिली असेल का? मग त्यांनी वाकून चपला काढल्या. पिशवीतून फडकं काढलं. आत त्यांनी स्वतः थापलेली भाकरी होती, एका बाजूला जाड, एका बाजूला करपलेली. अर्धी मोडून त्यांनी पात्रात ठेवली.

"सुखी व्हा, उपासक," माय म्हणाली.

बाबा खाली वाकले. साहेबांसमोर वाकताना मी त्यांना लहानपणापासून बघत आले होते. मान आधी झुकायची, मग पाठ. त्या दिवशी ते आख्खे वाकले आणि उठले तेव्हा मला ते उंच वाटले. रांग पुढं गेली. ते माझ्याजवळ आले आणि एवढंच विचारलं, "तू जेवतीस का?" मी म्हणाले, "हाव." ते आले त्याच एसटीनं परत गेले.

आठव्या दिवशी नळावर पात्रं घासताना मॅडम माझ्याशेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "माझी मुलगी मेडिकलला लागली तेव्हा आख्ख्या लातुरात पेढे वाटले मी. आता ती सुट्टीला घरी येत नाही. आली तर मला मॅडम म्हणते. चुकून नाही म्हणत, सुमन. तिला खरंच दुसरं काही आठवत नाही माझ्याबद्दल." थोडा वेळ राख चोळत राहिल्या. "तुझ्या आईच्या शेजारी मी झोपते. तिला पडल्याबरोबर झोप लागते. मी आठ दिवस बघतेय. हे मला कुठल्या कॉलेजात शिकायला मिळालं असतं?" मी त्यांच्या हातातलं पात्र घेतलं आणि विसळलं. सतरा वर्षांच्या मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की ज्या शिखराखाली बसून मी रडत होते, त्याच्यावर बसूनही माणूस रडू शकतं. आणि हेही, की शिकणं काही वाईट नाही. मॅडमनी कॉलेज सोडलं नाही, मी शिक्षण सोडलं नाही. फक्त पाय कुठं टेकलेत ते ठाऊक पाहिजे.

शिबिरातल्या नर्सबाईनं जाता जाता मला नर्सिंगच्या शाळेचा पत्ता दिला. मी त्या वर्षी नांदेडला फॉर्म भरला. शिरूरच्या स्थळाला बाबांनी स्वतःच नाही कळवलं. पुढं सगळी नोकरी मी वॉर्डात काढली. बाळंतिणीचं डोकं मांडीवर घेऊन बसताना, म्हाताऱ्यांच्या जखमा पुसताना, मला कधी वाटलं नाही की मी काही कमी झाले. लोकांना वाटलं; त्यांनी बोलूनही दाखवलं. मॅडमची मुलगी दोन वर्षांनी पुढच्या शिबिराला आईबरोबर आली, तेवढं मला माहीत आहे. त्या अकरा जणी एकमेकींना अखेरपर्यंत बहीण म्हणत राहिल्या आणि कुणाच्याही घरी मयत असो की बारसं, बाकीच्या पिशव्या घेऊन आधी हजर असायच्या.

आम्ही हदगावला परतलो तेव्हा मायच्या डोक्यावर खसखशीएवढे केस आले होते. मंगळसूत्र गळ्यात, लुगडं अंगावर, पण डोक्यावरून पदर तिनं घेतला नाही. स्टँडपासून घरापर्यंत लोक दुकानांच्या पायऱ्यांवर येऊन बघत होते. जनाआत्या अंगणात उभीच होती. "माझं कुंकू गेलं तवाबी म्या केस दिले न्हाईत! आन तू, नवरा जित्ता असताना?" ती ओरडली आणि दार लावून घेतलं. चार दिवस तिनं आमच्या घरातलं पाणी घेतलं नाही. माय तिला जेवणाचं ताट नेऊन द्यायची, ती ते बाहेरच ठेवायची. माय संध्याकाळी ते उचलून आणायची.

पाचव्या दिवशी दुपारी बाबा कामावर होते. मी चुलीवर चहा ठेवला होता. आत्या आली, आत आल्यावर मागं वळून दार लोटलं, कडी घातली. माय गहू निवडत बसली होती. आत्या तिच्यासमोर उकिडवी बसली. मग एकदम हलक्या आवाजात म्हणाली, "गया, हात लावून बगू का?"

मायनं सूप बाजूला सारलं आणि मान खाली केली. आत्यानं हात पुढं केला, मागं घेतला, पुन्हा पुढं केला. मग पूर्ण तळवा तिच्या डोक्यावर ठेवला. ती हात काढेना. माय मान वर करेना. आत्याच्या मनगटात बांगड्या नव्हत्या. "कसं वाटलं गं?" तिनं विचारलं.

"हलकं," माय म्हणाली.

मग आत्या म्हणाली, "पुडल्या टायमाला मलाबी सांग." चहा उतू चालला होता. मी तो उतरवून ठेवला आणि तीन कप काढले.